पावसाळ्यातील वर्गखोली आणि पडद्यांवरील बुरशी

विषय : सामान्य विज्ञान व आरोग्य. इयत्ता : ५ वी ते ७ वी. कालावधी : दोन तासिका व त्यानंतर आठ दिवसांचे निरीक्षण.

पुणे शहरात पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस सुरू झाला, म्हणजे रविवारनंतर उघडलेल्या वर्गखोलीत एक कुबट वास येऊ लागतो. प्रथम तो ओल्या चपलांचा किंवा मुलांच्या ओल्या कपड्यांचा वाटतो. शोध घेतला असता पडद्याच्या चुणीत, खालच्या दुमडीत किंवा बांबूच्या चिकेच्या मागील अंगास राखी, काळपट वा हिरवट ठिपके आढळतात. कोणी तरी कोरड्या फडक्याने ते झटकून टाकतो. आठ दिवसांनी ठिपके पुन्हा हजर होतात, आणि बहुधा पूर्वीपेक्षा अधिक असतात.

ठिपके पुन्हा का येतात, हे विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढावे आणि वर्गाच्या नित्यक्रमात कोणता बदल केला असता ते येणार नाहीत हे ठरवावे, एवढाच या पाठाचा उद्देश आहे.

पुण्याचा पाऊस व पुण्याची ओल

पुणे सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलेले आहे. घाटमाथ्यावर बहुतेक पाऊस पडून गेल्यावर उरलेले ढग शहरावर येतात. त्यामुळे येथे वर्षभरात साधारणतः सत्तर सेंटिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर जवळच्याच लोणावळ्यास त्याच्या कित्येक पट पडतो. यावरून पुण्यात ओलीचे भय नाही असे कोणास वाटेल. परंतु ती समजूत चुकीची आहे. जुलै व ऑगस्ट महिन्यांत येथे मुसळधार पाऊस थोडा आणि भुरभुर फार असते. ढग दिवस दिवस हटत नाहीत, ऊन पडत नाही आणि भिजलेली वस्तू वाळत नाही.

बुरशीच्या दृष्टीने पाऊस किती पडला याला महत्त्व नाही. वस्तू किती काळ ओलसर राहिली याला महत्त्व आहे. हे सूत्र फळ्यावर लिहून ठेवावे. पुढील सर्व विवेचन त्याचाच विस्तार आहे.

हवेतील ओल मोजण्यासाठी दोन तापमापके पुरतात. एकाच्या फुग्यावर ओल्या मलमलीचा तुकडा गुंडाळावा, दुसरे कोरडे ठेवावे. ओल्या फडक्यातील पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते व ते तापमापक खाली उतरते. हवा कोरडी असेल तर दोहोंतील अंतर मोठे, दमट असेल तर लहान. पुण्यात एप्रिलच्या एखाद्या दुपारी कोरडे तापमापक ३६ अंश व ओले २० अंश दाखवील. त्या वेळी हवेची सापेक्ष आर्द्रता २२ ते २३ टक्के असते. जुलैच्या सकाळी कोरडे २६ व ओले २४ अंश दाखवू लागले, की आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली असे समजावे. शिवाजीनगर येथील वेधशाळेत १९२८ साली भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून आले, म्हणून पुणेकर त्या इमारतीस ‘सिमला ऑफिस’ म्हणत आले. तेथील नोंदी व वर्गातील नोंदी विद्यार्थ्यांनी ताडून पाहिल्यास त्यांना मोठी गोडी लागेल.

बुरशी म्हणजे काय?

बुरशी ही मळाचा प्रकार नव्हे. ती सजीव आहे. हिरव्या वनस्पतींप्रमाणे तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही; ज्या वस्तूवर ती वाढते तीच वस्तू ती खाते. तिचे शरीर अतिशय बारीक तंतूंचे असते. हे तंतू कापडाच्या धाग्यांत शिरतात, पाचक रस सोडतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. डोळ्यांना दिसणारा रंगीत ठिपका म्हणजे बहुधा तिच्या बीजाणूंचा थर होय. तो झटकल्याने तंतू जागेवरच राहतात आणि बीजाणू मात्र खोलीभर उडतात. ठिपके परत येण्याचे व वाढण्याचे कारण हेच.

सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या बुरशीचे चित्र इंग्लंडमधील रॉबर्ट हूक याने १६६५ साली प्रसिद्ध केले. ती बुरशी एका पुस्तकाच्या चामडी वेष्टनावर उगवली होती. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीपासूनच पेनिसिलिनचा शोध लागला. पुण्याशेजारी पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्यासाठी मोठमोठ्या टाक्यांत बुरशीला योग्य अन्न, योग्य ऊब व योग्य ओल देऊन मुद्दाम वाढवावे लागे. वर्गातील पडद्यावर आपण तीच सोय नकळत करून देत असतो, एवढे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे.

बुरशीला चार गोष्टी लागतात : बीजाणू, अन्न, ऊब व ओल. बीजाणू सर्वत्र हवेत असतात. त्यांना खोलीबाहेर ठेवता येत नाही. पुण्याच्या पावसाळ्यातील २२ ते २८ अंशांची ऊब तिला मानवते. तीही आपल्या हाती नाही. अन्न काही अंशी आपल्या हाती आहे. ओल मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. म्हणून सर्व उपायांचा रोख ओलीवर असावा.

पडद्यामागची हवा

खोलीतील आर्द्रता ८० टक्के असताना पडद्यावरील आर्द्रताही तेवढीच असेल, असे नाही. उबदार हवेत पुष्कळ बाष्प मावते. थंड हवेत थोडे मावते. २५ अंशांवर एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प राहू शकते. ८० टक्के आर्द्रता म्हणजे त्यात १८.४ ग्रॅम बाष्प आहे. आता पडदा व खिडकी यांमधील हवा काचेच्या किंवा भिजलेल्या भिंतीच्या संगतीने २२ अंशांपर्यंत थंड झाली असे धरू. २२ अंशांवर फक्त १९.४ ग्रॅम बाष्प मावते. तेव्हा तेथील आर्द्रता सुमारे ९५ टक्के झाली. हवा तीच, बाष्पही तेच; परंतु पडद्यापुढे ८० टक्के आणि पडद्यामागे ९५ टक्के. त्यातून ही मागची हवा पडद्याने कोंडलेली असते, हलत नाही. म्हणूनच ठिपके मागील अंगास, खालच्या दुमडीत व भिंतीला टेकलेल्या कडेवर प्रथम येतात.

जुन्या वाड्यांच्या खिडक्यांस लाकडी गज व झडपा असत, वर कौले असत. फटींतून हवा सतत खेळे. काचेच्या घट्ट खिडक्या व सिमेंटचे छत असलेल्या खोलीत ती सोय आपोआप होत नाही. ती करून घ्यावी लागते.

श्वासातील पाण्याचा हिशेब

पाऊस लागला, की मुलांना गारठा बाधू नये म्हणून खिडक्या लावून घेण्याची पद्धत आहे. हेतू चांगला असला, तरी त्याचा परिणाम काय होतो याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्यावा.

वर्गाची लांबी ८ मीटर, रुंदी ६ मीटर व उंची ३.५ मीटर धरली, तर त्यात १६८ घनमीटर हवा आहे. २५ अंशांवर तीत १६८ × २३ म्हणजे ३,८६४ ग्रॅम बाष्प मावेल. आर्द्रता ८० टक्के असल्यास त्यांपैकी सुमारे ३,०९१ ग्रॅम बाष्प आधीच हवेत आहे. शिल्लक जागा ७७३ ग्रॅमची, म्हणजे जेमतेम पाऊण लिटर पाण्याची. बसून अभ्यास करणारे मूल श्वासावाटे व घामावाटे तासाला सुमारे ३० ग्रॅम पाणी हवेत सोडते असे धरू. चाळीस मुलांचे १,२०० ग्रॅम, म्हणजे सव्वा लिटरच्या जवळपास. खिडक्या व दारे पूर्ण बंद असतील व तापमान तेवढेच राहील, तर उरलेली जागा सुमारे ४० मिनिटांत भरेल. पहिली तासिका संपण्याच्या सुमारास खोलीत आणखी बाष्प मावणार नाही. त्यानंतरचे पाणी पडद्यांत, भिंतींत व वह्यांत मुरू लागेल.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की बाहेरची हवाही दमटच आहे. मग खिडकी उघडून काय वाळणार? हा प्रश्न टाळू नये. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्याने खोलीतील हवा तासाला दहा वेळा बदलली, तर मुलांनी सोडलेले १,२०० ग्रॅम पाणी १,६८० घनमीटर हवेत विभागले जाईल. प्रत्येक घनमीटरास सुमारे ०.७ ग्रॅम. आर्द्रता ८० वरून फक्त ८३ टक्क्यांच्या आसपास जाईल. खिडकी उघडल्याने खोली उन्हाळ्यासारखी कोरडी होत नाही हे खरे. परंतु आतले पाणी आत साचत नाही, आणि पडद्यामागची कोंडलेली हवा हलती राहते. तेवढ्यानेच बुरशीचा पाया डळमळतो.

कोणत्या पडद्यास किती भय?

सुती कापड हे बुरशीचे अन्न आहे. परंतु त्याहून तिला प्रिय असते ती कांजी. पडदे कडक दिसावेत म्हणून त्यांस खळ देण्याची रीत आहे. खळ म्हणजे पिठूळ द्रव्य, म्हणजे बुरशीस वाढलेले ताटच होय. पावसाळ्यात टांगावयाच्या पडद्यांस खळ देऊ नये.

बांबूच्या चिका पुण्यातील बुरूड आळीत पिढ्यान्‌पिढ्या विणल्या जात आल्या आहेत. बांबूच्या गरात पिष्ट व साखर असते, त्यामुळे कच्च्या किंवा नीट न वाळलेल्या बांबूच्या काड्यांवर बुरशी लवकर धरते. चिक घेताना काडी पूर्ण वाळलेली आहे की नाही ते पाहावे. उन्हाळ्यात दोन्ही अंगांस व्हार्निशाचा हात दिल्यास ओल आत मुरत नाही. ओली चिक गुंडाळून बांधणे ही सर्वांत मोठी चूक होय. गुंडाळीच्या आत वारा पोहोचत नाही.

ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्यांचे पडदे अलीकडे पुष्कळ ठिकाणी दिसतात. पट्टी स्वतः बुरशीचे अन्न नसते, परंतु तिच्यावर बसलेली धूळ असते. त्या धुळीत कापडाचे तंतू, त्वचेचे सूक्ष्म कण व परागकण असतात. पट्ट्या ओवलेल्या सुती दोऱ्यांवर तर बुरशी सहज येते. खडूची पांढरी भुकटी मात्र बुरशी नव्हे. भिंगातून पाहिल्यास भुकटीचे सुटे कण दिसतात. बुरशीचे कापसासारखे तंतू दिसतात व तिला कुबट वास येतो. हा फरक विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावा.

प्रयोग

साहित्य : घट्ट झाकणाच्या तीन काचेच्या बरण्या, जुन्या सुती पडद्याचे सारख्या आकाराचे चार तुकडे, तांदळाची पेज, भिंग.

पहिला तुकडा पेजेत बुडवून पिळून ओलाच पहिल्या बरणीत ठेवावा. दुसरा साध्या पाण्यात भिजवून पिळून दुसऱ्या बरणीत ठेवावा. तिसरा पेजेत बुडवून कडकडीत वाळवावा व तिसऱ्या बरणीत ठेवावा. चौथा पेजेत बुडवून, पिळून, वर्गाबाहेर वारा खेळेल अशा जागी दोरीवर टांगावा. बरण्यांची झाकणे चिकटपट्टीने बंद करावीत व त्या सावलीत ठेवाव्यात. आठ दिवस रोज ठराविक वेळी, झाकण न उघडता, बाहेरूनच निरीक्षण करून नोंद करावी.

बहुधा पहिल्या बरणीत बुरशी प्रथम व भरपूर दिसेल, दुसरीत उशिरा व थोडी. तिसऱ्या बरणीत अन्न असूनही ओल नसल्यामुळे ती येणार नाही. चौथ्या तुकड्याचा निकाल त्या आठवड्याच्या हवेवर अवलंबून राहील. तो वाळला असेल तर स्वच्छ राहील. पहिला व तिसरा तुकडा शेजारी ठेवून, दोहोंत कोणता एकच फरक होता, असा प्रश्न विचारावा. प्रयोग संपल्यावर बरण्या मुलांना उघडू देऊ नयेत. शिक्षकांनी त्या उघड्या जागी नेऊन, नाकाला रुमाल बांधून, उकळते पाणी ओतून रिकाम्या कराव्यात.

प्रतिबंधाचे उपाय

महाराष्ट्रात नवरात्रापूर्वी घरातील गोधड्या, चादरी व पडदे धुऊन ‘दसरा काढण्याची’ चाल आहे. पावसाळ्याची ओल घालवणारी ती उत्तम चाल आहे. मात्र पडद्यांचे पहिले धुणे मेअखेरीस, रोहिणी नक्षत्रात व्हावे. कडक उन्हात धुतलेला, बिनखळीचा, धूळ नसलेला पडदा पावसाळ्यास सामोरा जातो तेव्हा बुरशीला अन्नही थोडे मिळते.

पडदा भिंतीपासून व काचेपासून निदान बोटभर नव्हे, तर चार बोटे दूर राहील असा दांडा बसवावा. खालची कड खिडकीच्या पाटाला टेकू नये. पन्हाळ तुंबली आहे का, भिंतीत पाणी झिरपते का, हे पहिल्या सरीतच पाहावे. भिंत पाणी पीत असेल तर पडदा कितीही धुतला तरी उपयोग नाही.

पावसाळ्यात शाळा भरताच पडदे सारून समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. झोताचा पाऊस असेल तेव्हा वाऱ्याकडील खिडकी लावावी, परंतु विरुद्ध बाजूची खिडकी व दार उघडेच ठेवावे. छत्र्या व रेनकोट ओसरीत टांगावेत. वर्गात आणू नयेत. मधल्या सुट्टीत, वर्ग रिकामा असताना, पंखा चालू ठेवावा. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला, की ऊन पडेल त्या अर्ध्या तासात पडदा पूर्ण पसरून दोन्ही अंगांस ऊन द्यावे. पडदा भिजला तर तो त्याच दिवशी काढून वाळत घालावा. कापड एक-दोन दिवस ओले राहिले, की त्यावरील बीजाणू रुजू लागतात.

हे काम पाळीपाळीने दोन-दोन विद्यार्थ्यांकडे द्यावे व त्यांनी आर्द्रतेची नोंद करून तक्ता भिंतीवर लावावा.

बुरशी आलीच तर

बुरशी धरलेला पडदा वर्गात झटकू नये. तो मोठ्या माणसाने नाकास रुमाल बांधून, ओल्या फडक्याने हलकेच पुसून, गुंडाळून बाहेर न्यावा. कापड गरम पाण्यात साबण व धुण्याचा सोडा घालून धुवावे व उन्हात कडकडीत वाळवावे. चिका व पट्ट्या साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसाव्यात, मग कोरड्या फडक्याने टिपाव्यात. पांढऱ्या सुती कापडासाठी ब्लीचिंग पावडरचे सौम्य द्रावण वापरता येते. परंतु त्यात लिंबू, व्हिनेगर, फरशी धुण्याचे ॲसिड किंवा अमोनिया कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. हे काम विद्यार्थ्यांस सांगू नये.

डांबरगोळ्या किंवा उदबत्ती यांनी वास झाकला जातो. ओल जात नाही. खोली वाळावी म्हणून बंद दारांआड कोळशाची शेगडी पेटवणे तर जीवघेणे आहे. तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू तयार होतो.

हे सर्व कशासाठी?

पडदा खराब झाला तर नवा घेता येतो. त्याच्यासमोर रोज पाच-सहा तास बसणाऱ्या मुलाच्या छातीचे तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरांतील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर व बुरशीच्या खोल्यांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर व दम्याचा त्रास अधिक होतो, असा तिचा निष्कर्ष आहे. मेलेल्या बुरशीचे कणही काहींना बाधतात. म्हणून ती मारणे पुरेसे नाही, काढून टाकणे आवश्यक आहे. एखादे मूल वर्गात आल्यावर शिंकू लागते, सुट्टीच्या दिवशी मात्र बरे असते, असे दिसल्यास शिक्षकांनी त्याला थंडीचा दोष देऊन त्याच्याजवळची खिडकी लावून घेऊ नये. प्रथम त्याच्यामागचा पडदा उलटून पाहावा, त्याची जागा बदलावी आणि पालकांस डॉक्टरांचा सल्ला घेण्यास सांगावे.

स्वाध्याय

१. आपल्या वर्गाची लांबी, रुंदी व उंची मोजा. २५ अंशांवर व ८० टक्के आर्द्रतेवर त्यातील हवेत किती बाष्प असेल ते काढा.

२. तुमच्या वर्गातील मुलांची संख्या घेऊन, खिडक्या बंद असता उरलेली जागा किती मिनिटांत भरेल ते सांगा.

३. लोणावळ्यापेक्षा पुण्यात पाऊस फार कमी असूनही पुण्यातील पडद्यांवर बुरशी का येते?

४. घरातील पडद्याची मागील बाजू, खालची दुमड व भिंतीलगतची कड तपासा. ठिपके आढळल्यास त्या ठिकाणी ओल कोठून येते ते शोधा व मोठ्या माणसांस दाखवा.

५. ‘पाऊस पडत आहे, म्हणून सर्व खिडक्या लावा’ असे म्हणणाऱ्यास तुम्ही काय उत्तर द्याल? पाच-सहा वाक्यांत लिहा.